पिटातला प्रेक्षक आणि गुळगुळीत कागदावरचा वाचक



मागच्या अभ्यासवर्गाला मी सिनेमाच्या मासिकांचा गठ्ठा घेऊन आलो, त्यावरून काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. आपल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं गठ्ठा उचलला, वरच्या अंकावरची हिरॉइन बघितली आन् म्हणाला, "ही रद्दी कामून आणली इथं? बाबासाहेबाच्या पुस्तकाशेजारी हे ठेवतूस?" सगळे हसले. मीही हसलो. मला भाषण येत नाही. आठवीनंतर शाळा सुटली. त्यापुढचं वाचन ऊसतोडीच्या कोपीत झालं, आणि आता जिनिंगवर होतं. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की रात्रपाळीत रुईचा बारीक फुफाटा नाकातोंडात जातो, आणि मशीनच्या आवाजात माणूस आपोआप स्वतःशीच बोलायला लागतो. तिथं मला उत्तर सुचलं. उशिरा सुचलं, म्हणून लिहून देतो.

गठ्ठा माझा नाही. माझ्या बापाच्या चुलत्याचा आहे. आम्ही त्याला आबा म्हणायचो. आबा तलवाड्याचा, पण ऐन जवानीची वर्षं मुंबईत गिरणीच्या त्रासन खात्यात गेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षी आबा एक पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परत आला. ट्रंकेत दोन सदरे, एक चादर, काच तडकलेला बाबासाहेबांचा फोटो आणि तळाला मासिकं. रसरंग, मायापुरी, माधुरी, थोडे फिल्मफेअर, दोन स्टारडस्ट. इंग्रजी त्याला येत नव्हतं. मग ती कशाला घेतली, असं मी लहानपणी विचारलं. म्हणाला, "चित्र बघाया इंग्रजी लागत न्हाई."

सिनेमाचं मासिक त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते एका बाजाराच्या गावात, सलूनच्या बाहेरून. आत फळीवर अंक पडलेला, भिंतीला नटीचं पान चिकटवलेलं. आपल्या माणसाला त्या खुर्चीत बसवत नव्हते, मग बाकावर बसून पानं चाळणं कुठलं? आबा दारात उभा राहून लांबून चित्र बघायचा. मुंबईला गेल्यावर पहिला पगार झाला, त्या दिवशी तो सलूनमध्ये गेला. कुणी जात विचारली नाही. नंबर येईपर्यंत त्यानं फळीवरचा अंक उचलला आणि मांडीवर घेतला. दाढी झाली तरी उठेना. हे सांगताना आबा हसायचा. मला अजून हसू येत नाही. सिनेमाच्या मासिकाचा वाचक कोण, या प्रश्नाची सुरुवात माझ्यासाठी त्या दारापासून होते. किंमत, भाषा, कागद ही नंतरची गोष्ट. आधी उंबरा.

आता इतिहासाकडे येतो.

आपल्याकडचं पहिलं सिनेमाचं नियतकालिक म्हणून 'मौज मजाह'चं नाव घेतात. ते १९२४ साली मुंबईत निघालं, गुजरातीत. गुजरातीत का, तर त्या वेळी सिनेमात पैसा घालणारा, थेटर चालवणारा आणि पैसे मोजून मासिक विकत घेऊ शकणारा माणूस मुंबईत मोठ्या प्रमाणात गुजराती वाचत होता. पुढं १९२७-२८ मध्ये इंग्रज सरकारनं रंगाचारींच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी समिती नेमली. समितीसमोर थेटरवाल्यांनी, वितरकांनी, शिकलेल्या लोकांनी साक्षी दिल्या. त्यातून एक वाटणी स्पष्ट दिसते. शिकलेला प्रेक्षक विलायती चित्रपटाला जातो आणि देशी चित्रपट चालतो तो कमी शिकलेल्यांच्या आणि गरिबांच्या गर्दीवर. म्हणजे धंद्याचं पोट कोण भरतंय हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. मासिक काढायची वेळ आली तेव्हा मात्र वाचक दुसरा निवडला गेला.

एप्रिल १९३५ मध्ये बाबूराव पटेलांनी मुंबईत 'फिल्मइंडिया' काढलं. हा माणूस मूळचा पाटील. शाळेत फारसं न शिकलेला, आणि तरी इंग्रजी अशी धारदार लिहायचा की निर्माते घाबरून असायचे. स्वतः शिकलेल्या माणसाबद्दल मला ओढ वाटते, खोटं कशाला बोलू. पण त्याचा वाचक बघा. देशी बोलीत बनलेल्या चित्रपटांची चर्चा इंग्रजीत, आणि वाचकांच्या प्रश्नांना संपादकाची टोमणेबाज उत्तरं, तीही इंग्रजीत. त्या पानांसाठी लोक अंक राखून ठेवत. प्रश्न विचारणारा कॉलेजातला पोरगा, वकील, रेल्वेतला बाबू. तंबूतल्या सिनेमात जमिनीवर बसणाऱ्याला काय विचारायचं असेल, ते त्या पानावर कधी पोचणारच नव्हतं. बाबूराव पुढं राजकारणात गेला, मासिकाचं नावही 'मदर इंडिया' झालं, आणि १९६७ ला तो जनसंघाच्या तिकिटावर मध्य प्रदेशातल्या शाजापूरहून खासदार झाला. एका सिनेमाच्या संपादकानं कमावलेला वाचक मतदार म्हणून कुठं जातो, हा धडा आपल्या पोरांनी नीट वाचावा.

त्याच मुंबईत उर्दूत 'मुसव्विर' साप्ताहिक निघत होतं. त्याचा संपादक काही काळ सआदत हसन मंटो होता. दिल्लीहून १९३९ पासून युसुफ देहलवींचं 'शमा' निघू लागलं. त्यात सिनेमा, कथा, गझला, आणि मोठ्या बक्षिसांची कोडी. कोडं सोडवायला वाचता यावं लागतं, पाठवायला पैसे लागतात, तरी उर्दूतल्या साध्या माणसाच्या घरापर्यंत हे मासिक गेलं. आता तुम्ही म्हणाल, तलवाड्याचा उर्दूशी काय संबंध? बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कारभार उर्दूत. त्या काळात आमच्या गेवराई तालुक्यात छापलेला कागद वाचणारा माणूस म्हणजे बहुतेक करून सरकारदरबारी वावरणारा, नाहीतर पोथी वाचणारा. आमच्या वस्तीला उर्दूही नव्हती आणि पोथीही नव्हती. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, ते पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. तेव्हा कुठं मराठवाड्यातल्या आपल्या पहिल्या पिढीला पुस्तकाच्या बाकावर बसायला मिळालं. फिल्मइंडिया तोवर पंधरा वर्षांचं झालं होतं.

सिनेमा मात्र आमच्यापर्यंत आधीच आला होता. आबा सांगायचा, त्वरितादेवीच्या टेकडीखाली तंबू लागायचा, कर्ण्यावर गाणी वाजायची. पुढं जमीन, मागं खुर्च्या. पुढच्या जमिनीवर पोरं आणि आमची माणसं. पडदा इतका जवळ की मान दुखायची. शहरातल्या थेटरातल्या याच जागेला मराठीत 'पिट' म्हणतात, आणि 'पिटातला प्रेक्षक' हे शब्द समीक्षेत शिवीसारखे येतात. तो शिट्या मारतो, पैसे फेकतो, त्याच्यासाठी दिग्दर्शकाला म्हणे खाली उतरावं लागतं! कुठून खाली उतरावं लागतं, ते कुणी लिहीत नाही.

मार्च १९५२ ला टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीनं 'फिल्मफेअर' सुरू केलं. त्याच्या काही महिने आधी, १९५१ ला, इंडियन एक्स्प्रेसवाल्यांचं 'स्क्रीन' साप्ताहिक निघालं होतं. स्क्रीन वर्तमानपत्राच्या कागदावर आणि त्याच आकारात यायचं. त्याचा खरा वाचक धंद्यातला माणूस. कुठला चित्रपट कुठं लागला, कुणाचा मुहूर्त झाला, ही खबर त्याला हवी असे. फिल्मफेअरचा वाचक घरात बसलेला. इंग्रजी शिकलेला, चारचौघांत सिनेमावर बोलताना लाज वाटू नये असं वाटणारा. सिनेमा ही सभ्य गोष्ट आहे हे त्या वर्गाला पटवून देण्याचं काम फिल्मफेअरनं केलं. त्यातलंच एक पाऊल म्हणजे १९५४ ची बक्षिसं. टाइम्सच्या समीक्षक क्लेअर मेंडोंसा यांच्या नावावरून त्यांना आधी 'क्लेअर' म्हणत. २१ मार्च १९५४ ला मुंबईत मेट्रो थेटरात पहिला समारंभ झाला. बक्षिसं पाचच होती, आणि ती वाचकांच्या मतांवरून ठरली होती.

इथं जरा थांबू या, कारण माझा सगळा मुद्दा या मतपत्रिकेत आहे.

पहिल्या वर्षी सर्वोत्तम चित्रपट ठरला बिमल रॉयांचा 'दो बिघा जमीन'. जमीन सावकाराच्या, जमीनदाराच्या घशात जाते, शंभू शेतकरी कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. बलराज साहनीनं तो असा उभा केला की आमच्या बीडच्या कुठल्याही ऊसतोड्यानं बघावा आणि गप्प व्हावं. या चित्रपटाला मत कुणी दिलं? ज्याच्या हातात इंग्रजी मासिक होतं त्यानं. शंभूला मत नव्हतं. शंभू तिकीट काढून थेटरात बसला असेल, रडला असेल, पण त्याचं रडणं मोजायला कुणी फॉर्म काढला नव्हता. दोन वर्षं आधी देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली होती. बाबासाहेबांच्या घटनेनं शंभूला, माझ्या पणजाला, वस्तीवरच्या म्हातारीला एक माणूस एक मत दिलं होतं. सिनेमाच्या दुनियेत मात्र मताचा हक्क अजून वाचणाऱ्याचा, आणि तोही इंग्रजी वाचणाऱ्याचा. वाचकाच्या मनात शंभूबद्दल कणव होती हे खरं. तिला मी खोटं म्हणणार नाही. पण कणव करणारा आणि ज्याची कणव करायची तो, या दोघांत जे अंतर आहे ते फिल्मफेअरच्या किमतीएवढं आणि भाषेएवढं होतं.

पुढं १९५९ ला बिमल रॉयांचाच 'सुजाता' आला. अस्पृश्य पोर, बामणाच्या घरात वाढलेली, नूतननं केलेली. १९६० ला फिल्मफेअरची मोठी बक्षिसं तिला मिळाली, चित्रपट, दिग्दर्शक आणि नटी. नूतन जीव लावून काम करते, त्यात शंका नाही. पण सुजाता काय करते? सोसते. ऐकून घेते, खिडकीशी उभी राहते आणि शेवटी आपलं रक्त देऊन त्या घरातल्या आईचा जीव वाचवते, मग आई तिला लेक म्हणते. रक्त दिल्यावर! ज्या १९५९ साली हा चित्रपट आला, त्याच साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपली भूमिहीन माणसं जमिनीसाठी सत्याग्रह करून तुरुंगात जात होती. धम्मदीक्षेला तीन वर्षं झाली होती. आमच्या बाया त्या वेळी खिडकीशी उभ्या नव्हत्या. पण तुरुंगात जाणारी बाई फिल्मफेअरच्या वाचकाला पडद्यावर कुणी दाखवली नाही, आणि त्यानंही ती मागितली नाही. त्याला सोसणारी आवडली.

फिल्मफेअरची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहिलं. त्यांनी नव्या चेहऱ्यांची स्पर्धा घेतली. १९५८ ला पंजाबातल्या खेड्यातून आलेला धर्मेंद्र त्यात निवडला गेला. १९६५ च्या स्पर्धेतून राजेश खन्ना पुढं आला. छापलेल्या कागदातून खेड्यातल्या पोराला मुंबईचं दार दिसू शकतं, ही लहान गोष्ट नाही. फक्त स्टुडिओत जाऊन चांगला फोटो काढायला पैसे लागतात, आणि असा कागद हातात यावा लागतो. आमच्यातला किती जणांचा चेहरा त्या दारापर्यंत गेला नसेल, याचा हिशेब कुठल्याच मासिकात नाही.

याच टाइम्सच्या इमारतीतून साठच्या दशकात हिंदी 'माधुरी' निघालं. सुरुवातीला नाव 'सुचित्रा' होतं. संपादक अरविंद कुमार. यांची गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतो. हा माणूस पंधराव्या वर्षी दिल्लीच्या छापखान्यात खिळे वेगळे करायच्या कामाला लागला होता. छापून झालेल्या फर्म्यातलं एकेक अक्षर काढून परत आपल्या खणात टाकायचं. अक्षरं हातानं उचलत उचलत तो संपादक झाला, आणि १९७८ ला माधुरी सोडून कोशाच्या कामाला लागला. १९९६ ला त्याचा हिंदी 'समांतर कोश' आला. मी जिनिंगवर सरकी आणि रुई वेगळी होताना बघतो तेव्हा मला हा माणूस आठवतो.

एकाच मालकाची दोन मासिकं, पण वाचक वेगळा. फिल्मफेअर एकट्या माणसानं वाचायचं. माधुरी घरात ठेवायची, बापानं वाचली, लेकीनं वाचली तरी कुणाला संकोच वाटू नये अशी. हिंदी पट्ट्यातल्या छोट्या शहरातला मास्तर, त्याची बायको, कॉलेजातली मुलगी. भाषा नीटनेटकी. सिनेमा 'घरात घेण्याजोगा' करायचा होता. मधल्या जातींच्या, मधल्या वर्गाच्या घराची चौकट तिनं पाळली. पण त्याच माधुरीनं नव्या, कमी पैशातल्या, वेगळ्या वाटेच्या चित्रपटांना जागा दिली, हेही खरं. आबाच्या ट्रंकेतली माधुरी सगळ्यांत जास्त मळलेली आहे. खोलीवर वीसेक गडी राहायचे, त्यातल्या हिंदी येणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. घरासाठी काढलेलं मासिक बिनघरच्या माणसांनी असं वाचलं. मालकानं ठरवलेला वाचक एक, आणि खरा वाचणारा भलताच!

ऑक्टोबर १९७१ ला नारी हिरा यांनी 'स्टारडस्ट' काढलं. जाहिरातीच्या धंद्यातला माणूस. पहिल्या अंकावर राजेश खन्नाचं लग्न गुपचूप झालंय का, असा सवाल. संपादक शोभा राजाध्यक्ष, पुढच्या शोभा डे, वय तेवीस. मराठी घरातली मुलगी, पण भाषा मराठी नव्हे आणि धड इंग्रजीही नव्हे. मुंबईच्या कॉलेजात, पार्टीत बोलतात तशी इंग्रजीत हिंदी कालवलेली. नटनट्यांची लफडी, कुजबुज, टोमणे. फिल्मफेअरचा वाचक सिनेमाला सभ्य करू बघत होता. स्टारडस्टच्या वाचकाला सभ्यतेचा कंटाळा आला होता. पोटभर जेवलेल्यालाच असा कंटाळा येतो, असं मला वाटतं. पुढच्याच वर्षी, १९७२ ला, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या कवींनीही सभ्य भाषेला लाथ मारली. त्यांनी वेगळ्या भुकेपोटी मारली.

आणि १९७१ लाच 'सोंगाड्या' आला. नायगावच्या चाळीत, गिरणगावात वाढलेला दादा कोंडके. आबा सांगायचा, पाळी सुटली की गडी तसेच, अंगावरच्या कापसासकट थेटरला जायचे. दादाचे ओळीनं नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, त्याची गिनेस बुकात नोंद झाली. म्हंजे पिटातला प्रेक्षक एकट्याच्या जोरावर चित्रपट पंचवीस आठवडे चालवू शकत होता. त्याच्यासाठी गुळगुळीत कागद कुणी काढला नाही. त्याला मिळाली ती मराठी साप्ताहिकं. नाशिकच्या गावकरी समूहाचं 'रसरंग'. पुढं इसाक मुजावरांचं 'चित्रानंद'. कोल्हापूरकडचा हा मुसलमान माणूस आयुष्यभर मराठी सिनेमावर मराठीत लिहीत राहिला. आज जुन्या मराठी नटांबद्दल, तमाशापटांबद्दल काही शोधायचं तर त्याच्याच पानांकडं जावं लागतं. या साप्ताहिकांचा वाचक म्हणजे एस.टी.चा कंडक्टर, तालुक्याचा मास्तर, गिरणीतला गडी. ऐंशीच्या दशकात फोटोग्राफर गौतम राजाध्यक्ष 'चंदेरी'चे संपादक होते. शोभा डेंचे ते चुलतभाऊ. छायाचित्र देखणं, छपाई देखणी. इंग्रजी मासिकाचा डौल मराठीत आला. म्हणजे मराठी वाचकातही दोन मजले झाले.

मायापुरीवर जरा जास्त लिहितो, कारण मी हिंदी तिच्यावर शिकलो. १९७४ ला दिल्लीहून ए. पी. बजाज यांनी हे साप्ताहिक सुरू केलं. पोरांचं 'लोटपोट'ही त्यांचंच. कागद खरखरीत, रंग ओघळलेले. नटीचा ओठ एकीकडं आणि लाली दुसरीकडं. स्टेशनवर, एस.टी. स्टँडवर मिळायचं. वाक्यं छोटी. शिकलेली माणसं नाक मुरडायची. पण बोट ठेवून वाचणाऱ्याला हे साप्ताहिक कधी 'तू कोण?' असं विचारत नाही. आबाच्या अंकांवर बोटांचे तेलकट ठसे आहेत, बहुतेक ओळीखालून सरकत गेलेले. अण्णाभाऊ साठे मुंबईत आले तेव्हा दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं शिकले, असं सांगतात. तोच माणूस पुढं गिरणीत राबला आणि 'फकिरा' लिहून बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केला. १९६३ ला फकिरावर चित्रपटही आला. तेव्हा आपल्या त्या जुन्या कार्यकर्त्याला माझं नम्रपणे विचारणं आहे, की सिनेमाचा कागद आपल्या शाळेत नव्हता असं कोण म्हणतो?

आता जाहिरातींकडे या. मासिक कुणासाठी आहे हे संपादकीयातून कळत नाही. शेवटचं पान उलटा. माझ्या गठ्ठ्यातल्या इंग्रजी अंकांत सुटिंगचं कापड, क्रीम, साबण. हिंदी साप्ताहिकांत केसाचं तेल, ताकदीच्या गोळ्या, घरबसल्या रेडिओ दुरुस्ती शिका. एकाला अजून गोरं व्हायचंय, दुसऱ्याला आधी नोकरी पायजे. सुटिंगच्या त्या गुळगुळीत पानाकडं आबा फार वेळ बघायचा. कापड गिरणीचं आणि गिरणीत राबणारा तो. पण कापड विणायचा हक्क त्याच्या आधीच्या पिढ्यांना नव्हता. साचे खात्यात धोट्यात धागा ओवताना तो तोंडानं ओढावा लागे. विटाळ होईल म्हणून महाराला तिथं घेत नसत. साच्याचा पगार चांगला, तो सवर्णाला. आमची माणसं त्रासन खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. कापडाच्या झुळझुळीत जाहिरातीमागं एवढी थुंकी आहे.

आणि साबण. लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिली भारतीय नटी आली ती १९४१ साली, लीला चिटणीस. पुढं अनेक नट्या त्या फेसातून गेल्या. दोनच वर्षांनी, १९४३ ला, पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी या देशातल्या वर्तमानपत्रांवर कोरडा ओढला. आशय असा, की पत्रकारिता पूर्वी पेशा होता, आता व्यापार झाला, आणि साबण बनवणाऱ्यापेक्षा जास्त नैतिक जबाबदारी तिला उरली नाही. सिनेमाची मासिकं त्यांच्या डोक्यात नसतील. पण सिनेमाच्या मासिकावर हे जितकं अक्षरशः लागू होतं तितकं कशावरच होत नाही. इथं साबण ही उपमा राहत नाही. इथं साबणच मासिक चालवतो, आणि जो साबण घेणार नाही तो वाचक नाही.

आपल्या पत्रांना साबणाच्या जाहिराती नव्हत्या. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघालं तेव्हा पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापायला केसरी तयार झाला नाही. मग बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत. नावं बघा. फिल्मफेअर, स्टारडस्ट ही नावं विकायच्या मालाची. मूकनायक आणि बहिष्कृत भारत ही वाचकाची नावं आहेत. अंकावरच लिहिलंय कुणासाठी. मराठवाड्यात गंगाधर पानतावण्यांनी चालवलेलं अस्मितादर्शही तसंच.

पण मित्रांनो, आपलीही चौकट तपासू. हे जे पान तुमच्या हातात आहे, सायक्लोस्टाईलच्या शाईनं बोटं काळी करणारं, हे कोण वाचतं? तुम्ही आणि मी. कार्यकर्ते, कवी, कॉलेजातली पोरं. माझी माय वाचत नाही. तिला वाचता येत नाही, आणि मी वाचून दाखवतो तेव्हा 'व्यवस्था', 'प्रस्थापित', 'जाणिवा' हे शब्द आले की ती चुलीकडं बघायला लागते. मायापुरीतलं नूतनबद्दलचं पान वाचून दाखवलं तेव्हा मात्र कालवण उतरवून ऐकत बसली. म्हणाली, "मंग त्या पोरीनं रगत दिल्यावर तिला घरात घेतली व्हय? आन् न्हाई दिलं आसतं तर?" जो प्रश्न मी वर दोन परिच्छेद खर्चून मांडला, तो तिनं एका वाक्यात केला. असं वाक्य येऊ शकेल असं पान आपल्या अंकात नाही. ही आपली चूक आहे, आणि तिचं खापर मला टाइम्सच्या डोक्यावर फोडता येणार नाही.

आता मासिकांचे दिवस गेलेच आहेत. स्टँडवरचा स्टॉल चिप्सच्या पाकिटांनी भरलाय. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' २०१४ ला थेटरात लागला आणि 'सैराट' २०१६ ला, तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोरांनी त्याबद्दल मासिकात काही वाचलं नाही, मोबाईलवर बघितलं. मोबाईलला इंग्रजी-मराठी, गुळगुळीत-खरखरीत असला भेद नाही, असं वाटतं खरं. पण तोही बोट कुठं थांबलं ते मोजतो आणि साबणवाल्याला सांगतो. आबाच्या बोटाचे ठसे निदान आबाकडंच राहिले.

पुढच्या वर्गाला मी तो गठ्ठा परत आणणार आहे. त्यातल्या एका अंकाचं मागचं पान तुम्हाला दाखवायचंय. साबणाची जाहिरात आहे, नटीचा चेहरा मोठा, बाजूला फेसाची पांढरी जागा सोडलेली. त्या पांढऱ्या जागेत आबानं पेन्सिलीनं संपाच्या दिवसांतला उधारीचा हिशेब लिहिलाय. तांदूळ, घासलेट, चहापत्ती, खोलीच्या भाड्यातला वाटा. बऱ्याच ओळी पुसट झाल्यात. शेवटची वाचता येते. एस.टी. भाडं, मुंबई ते गेवराई. त्यापुढं आकडा लिहिलेला नाही.